न घेतलेल्या परीक्षेची गोष्ट

सरकारी नोकराचं सेवापुस्तक कधी हातात घेऊन पाहिलं आहे? पहिल्या पानावर जन्मतारीख, आधी आकड्यांत आणि मग अक्षरांत. ओळखीची खूण, बोटांचे ठसे. पुढं वर्षामागून वर्षं नोंदी: रुजू झाल्याचा दिनांक, वेतनवाढ, बदली, अर्जित रजा. त्यांच्यातच कुठंतरी एक ओळ, अमुक परीक्षा अमुक तारखेला उत्तीर्ण. बुलढाणा जिल्ह्यातल्या तेराही तहसील कचेऱ्यांत आस्थापनेच्या कपाटांतून अशी पुस्तकं रचून ठेवलेली आहेत. त्यातली ती एक ओळ काही महिने मागं-पुढं झाली की बढतीची रांग बदलते. मग कोणाचा नंबर आधी, हे ठरवायला थेट भारताच्या राज्यघटनेचं पान उघडावं लागतं. मला याचं फार नवल वाटतं. कपाटातल्या त्या ओळीपासून घटनेपर्यंत वाट जाते तरी कशी?

समजा, मेहकरच्या तहसीलमध्ये एक लिपिक आहे. या पदाला आता महसूल सहायक म्हणतात. त्याच्या पुढची पायरी अव्वल कारकुनाची, म्हणजे आताच्या सहायक महसूल अधिकाऱ्याची. तिथं पोचायला नुसती वर्षं भरून भागत नाही. आधी दुय्यम सेवा परीक्षा, मग महसूल अर्हता परीक्षा, आणि दोन्ही ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या संधींत. मुदत चुकली तरी नोकरी जात नाही, पण ज्येष्ठता जाते. मागून आलेला, पण वेळेत पास झालेला माणूस वर सरकतो. जिल्हाधिकारी कार्यालयातून १ जानेवारीच्या स्थितीची ज्येष्ठता यादी निघते. आधी तात्पुरती, मग हरकती, मग अंतिम. ती हातात आली की प्रत्येक जण पहिल्यांदा स्वतःचं नाव शोधतो आणि लगेच त्याच्या वरचं.

आता खरी मेख. मुदत तर ठरली, पण त्या मुदतीत सरकारनं परीक्षाच घेतली नाही तर?

असं खरोखर घडलं होतं. महाराष्ट्र शासन विरुद्ध जगन्नाथ अच्युत करंदीकर हा खटला त्यावरूनच सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८९ साली निकाल लागला. परीक्षा दरवर्षी व्हायला हवी होती, काही वर्षी ती झालीच नाही. ज्यांची मुदत त्या रिकाम्या वर्षांत संपली, ते पुढं परीक्षा झाल्यावर पासही झाले. पण प्रश्न उरला, त्यांना उशिरा पास झालेले धरायचं का? न्यायालयाचं उत्तर स्वच्छ होतं. परीक्षा न घेणं ही सरकारची चूक, तिची शिक्षा कर्मचाऱ्याला देणं अन्यायाचं आणि मनमानीचं. पुढची परीक्षा होईल तेव्हा त्यांना संधी द्यायची आणि ते पास झाले तर त्यांची मूळची ज्येष्ठता राखायची. न झालेल्या परीक्षेलाही कायद्यात वजन असतं, हे मला पहिल्यांदा या निकालातून कळलं.

या सगळ्याच्या तळाशी एक बारीक भेद आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. बढती हा कोणाचाही हक्क नाही. पण बढतीसाठी आपला विचार व्हावा, हा मात्र हक्क आहे, आणि तोही साधासुधा नाही, मूलभूत. घटनेचं १६ वं कलम सरकारी नोकरीत समान संधी देतं. पात्र माणसाचा विचारच न करणं हा त्या कलमाचा भंग ठरतो, हे १९९९ साली अजितसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं स्पष्ट केलं. म्हणजे पदोन्नती समितीच्या बैठकीत, ज्याला कचेरीत सगळे डीपीसी म्हणतात, मेहकरच्या लिपिकाचं नाव नाकारलं गेलं तर एक गोष्ट. नाव समितीपुढं गेलंच नाही तर गोष्ट निराळी.

आणि नाव गेलं, पण आधीच झाकोळून गेलं तर? देव दत्त नावाचे सीमा रस्ते सेवेतले अभियंते होते. वरच्या पदासाठी सलग पाच वर्षं ‘अति उत्तम’ शेरा हवा होता. त्यांच्या गोपनीय अहवालात १९९३-९४ या एका वर्षाला नुसता ‘उत्तम’ पडला. वाईट शेरा नाही म्हणून तो त्यांना कधी कळवलाच नाही, आणि त्याच शेऱ्यानं ते अपात्र ठरले! २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जो शेरा बढती अडवतो तो त्या माणसापुरता प्रतिकूलच. त्यामुळं प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे, म्हणजे माणसाला त्याविरुद्ध दाद मागता येईल. ‘उत्तम’ हा शब्द कोणाचं नुकसान करू शकतो, हे एरवी कोणाच्या मनातही येत नाही. आज कर्मचाऱ्याला स्वतःचा सीआर, म्हणजे हाच गोपनीय अहवाल, पाहायला मिळतो त्यामागं हाही निकाल आहे.

बुलढाण्याच्या माणसानं दाद मागायची ती महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात. कचेरीच्या भाषेत, “मॅटमध्ये जायचं.” १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं अशा न्यायाधिकरणांची वाट केली, १९८५ साली कायदा झाला, आणि आपलं मॅट ८ जुलै १९९१ रोजी सुरू झालं. मुंबईखेरीज त्याची पीठं नागपूरला आणि औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. नकाशावर पाहा, बुलढाण्याहून संभाजीनगर कितीतरी जवळ. पण जिल्हा विदर्भातला, अमरावती विभागातला, म्हणून प्रकरण नागपूरला. बुलढाणा शहरात रेल्वे नाही. राजूर घाट उतरायचा, मोताळा मागं टाकायचा, मलकापूरला गाडी धरायची आणि फायलीची पिशवी मांडीवर घेऊन विदर्भ आडवा ओलांडायचा. अंतिम आदेशापासून एका वर्षात अर्ज करायचा, हेही डोक्यात पक्कं ठेवायचं; त्या वर्षात किती जण नुसती विनंतीपत्रं लिहीत बसतात!

शेजारच्याच इमारतीतल्या जिल्हा परिषदेच्या लिपिकाला मात्र मॅटचं दार बंद, कारण तो राज्य शासनाचा नव्हे, जिल्हा परिषदेचा नोकर. गाव तेच, काम जवळपास तेच, आणि भांडायची जागा वेगळी. मॅटचा निकालही शेवटचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या चंद्रकुमार निकालापासून त्याविरुद्ध आधी उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडं जावं लागतं.

मला सगळ्यांत जास्त थक्क करतो तो जिंकल्यानंतरचा भाग. बढती २०१५ साली मिळायला हवी होती आणि निकाल २०२३ साली लागला, तर गेलेली वर्षं परत कशी द्यायची? त्यावर सेवानियमांनी काढलेला उपाय म्हणजे मानीव दिनांक. ज्या दिवशी माणूस त्या खुर्चीवर बसला नव्हता, त्या दिवशी तो बसला होता असं कायदा मानतो. त्या तारखेपासून ज्येष्ठता मोजली जाते, वेतन नव्यानं बसवलं जातं. मधल्या काळाचा फरक हातात पडेलच असं नाही. काम केलं नाही तर पगार नाही, हे उत्तर पुढं येतं. पण १९९१ साली जानकीरामन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की माणूस काम करायला तयार असताना खात्यानंच त्याला विनादोष बाजूला ठेवलं, तर ते तत्त्व सरसकट लावता येत नाही.

राज्य शासनात बहुतेकांची निवृत्ती ५८व्या वर्षी, आणि खटल्याला काही वय नसतं. म्हणून कधीकधी आस्थापना शाखेतला तरुण लिपिक कपाटातून जुनं सेवापुस्तक काढतो, शेवटच्या नोंदीनंतरची कोरी जागा शोधतो आणि घरी बसलेल्या माणसाची बढती तिथं लिहितो, आठ वर्षांपूर्वीच्या तारखेनं. साहेबांची सही होते, शिक्का बसतो, आणि सुधारित निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव महालेखापालांकडं नागपूरला रवाना होतो.