घणाने ठोकायचा पाना : जोराचं काम की मापाचं?

गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांतल्या मिल ओव्हरहॉलिंगसाठी उघडल्या जातात. औष्णिक वीज केंद्रांत आणि रिफायनऱ्यांत शटडाऊन सुरू होतो. हाताच्या पान्याला दाद न देणारे मोठे नट तिथे स्लॉगिंग स्पॅनरने, म्हणजे घणाने ठोकायच्या पान्याने, सोडवले किंवा आवळले जातात. हा पाना जाड आणि आखूड दांड्याचा असतो आणि दांड्याच्या टोकाला घाव झेलण्यासाठी भरीव ठोकळा असतो. जर्मन मानकांत त्याचे दोन प्रकार आहेत : डीआयएन ७४४४ म्हणजे रिंगचा आणि डीआयएन १३३ म्हणजे उघड्या तोंडाचा. दिसायला ओबडधोबड असल्यामुळे हे ताकदीचं हत्यार आहे, त्यात शिकण्यासारखं काही नाही, असा समज पक्का झाला आहे. खालचे सगळे गैरसमज त्या एका समजातून येतात. प्रत्यक्षात या कामात ताकदीपेक्षा माप, जागा आणि क्रम यांना जास्त महत्त्व आहे.

गैरसमज : पाना थोडा सैल असला तरी चालतो, फट राहिली तर पत्रा घालावा.

हाताने ओढायच्या पान्यात थोडी ढिलाई खपून जाते, पण ठोकायच्या पान्यात ती महागात पडते. पाना घट्ट बसलेला असेल तर घावाचा जोर नटाच्या सपाट बाजूंवर पसरतो. सैल असेल तर तोच जोर फक्त कोपऱ्यांवर येतो, कोपरे गोल होतात आणि पुढच्या घावाला पाना निसटतो. पत्रा घातल्याने हे टळत नाही, कारण धक्क्याने पत्रा स्वतःच सरकतो किंवा उडतो. खरी गफलत मात्र बहुतेक वेळा निवडीच्या वेळीच झालेली असते. मेट्रिक नटांची मापं ठरलेली आहेत : एम ३० ला ४६ मिमी, एम ३६ ला ५५ मिमी, एम ४२ ला ६५ मिमी, एम ४८ ला ७५ मिमी. पण रिफायनरीतल्या आणि वाफेच्या लाइनींवरचे फ्लँज अनेकदा अमेरिकन मानकाचे असतात आणि त्यांवर इंचाचे हेवी हेक्स नट असतात. सव्वा इंची स्टडच्या अशा नटाचं माप २ इंच, म्हणजे ५०.८ मिमी असतं. त्याला ५० चा पाना बसतच नाही आणि ५५ चा तब्बल चार मिमी सैल पडतो. अशा नटाला इंचाचाच पाना हवा. म्हणून निवडीची पहिली पायरी म्हणजे नटाच्या दोन समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजणं. जागा असेल तिथे रिंगचाच पाना घ्यावा, कारण तो नटाला सगळ्या बाजूंनी कवेत घेतो. उघड्या तोंडाचा पाना दोनच बाजू पकडतो आणि धक्क्याने त्याचे जबडे फाकू शकतात. वरून रिंग घालणं शक्यच नसेल तेवढ्यापुरताच तो ठेवावा.

गैरसमज : कुठलाही जाड पाना ठोकता येतो, नसेल तर वर्कशॉपमध्ये बनवून घ्यावा.

नेहमीचा रिंग किंवा कॉम्बिनेशन पाना हाताच्या ओढीसाठी बनवलेला असतो. त्याचा दांडा लांब आणि सडपातळ असतो. घणाच्या धक्क्याने तो वाकतो, त्याच्या पृष्ठभागावरचा क्रोमचा थर कपच्यांनी उडतो आणि आत चीर पडली तरी ती बाहेरून दिसत नाही. ठोकायचा पाना मिश्रधातूच्या पोलादाचा, फोर्ज केलेला असतो आणि त्याला असं उष्णतासंस्करण दिलेलं असतं की तो घाव झेलेल पण तडकणार नाही. प्लेटमधून गॅस कटिंगने कापलेल्या किंवा दोन तुकडे वेल्डिंग करून जोडलेल्या पान्यात हे संस्करण नसतं. चांगल्या पान्याला पाइपचा तुकडा वेल्ड केला तर जोडाजवळ होतं तेही निघून जातं. अमुक माप बाजारात मिळत नाही आणि काम अडलं आहे, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. पण शटडाऊनची तारीख आधीच ठरलेली असते. कोणत्या मापाचे किती नट उघडायचे याची यादी महिनाभर आधी केली, तर ही अडचण कामाच्या दिवशी उभीच राहत नाही.

गैरसमज : नट जाम असेल तर जड घण, लांब पाइप किंवा गॅसची ज्योत हाच उपाय.

घावाची ऊर्जा घणाच्या वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाच किलोचा घण सेकंदाला सहा मीटर वेगाने आला तर ती ९० ज्यूल होते. तो घण दोन मिलिमीटरमध्ये थांबला, तर पान्यावर सरासरी साडेचार टनांचा जोर येतो. हा जोर आट्यांना सोडवतो तसाच मोडतोही. गंजलेल्या नटात अडचण बहुधा घर्षणाची असते, म्हणून आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत, गंज सोडवणारं तेल घालून त्याला मुरायला वेळ द्यावा आणि मग ठोकावं. तरीही नट हलला नाही तर नट स्प्लिटरने तो फोडावा. स्टड महाग आहे, नट स्वस्त आहे. ज्योतीचा उपाय विशेष जपून करावा. प्रेशरच्या लाइनींवर सर्रास असणारा बी ७ दर्जाचा स्टड सुमारे ५९३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला टेम्पर केलेला असतो. तो लाल होईपर्यंत तापवला तर त्याची ताकद जाते. असा स्टड पुन्हा वापरायचाच नाही, आणि लाइनीत ज्वलनशील काही असेल तर ज्योतीचा विचारही करायचा नाही.

गैरसमज : सांभाळायचं ते घण मारणाऱ्याने, पाना धरणाऱ्याने हात चुकवला की झालं.

पाना हाताने धरून ठेवण्याची पद्धत मुळातच चुकीची आहे. घाव हुकला तर तो हातावर येतो. घाव बरोबर बसला पण पाना निसटला, तर तो घावाच्या दिशेने उडतो. त्यामुळे पाना दोरीने किंवा पट्ट्याने बांधून, अंतरावरून ताणून धरावा आणि दोघांनीही पान्याच्या फिरण्याच्या रेषेबाहेर उभं राहावं. फ्लँजच्या पलीकडच्या नटाला लावलेला दुसरा पाना अनेकदा विसरला जातो. इकडचा नट फिरताना तो झटक्याने गरकन वळतो आणि पाइपच्या आधाराला टेकतो. त्या फटीत बोट असेल तर ते चिरडतं. तो पानाही बांधूनच ठेवावा, आणि काम उंचीवर असेल तर पाना व घण दोन्हींना दोरी हवी. घणाचं तोंड पान्याच्या ठोकळ्यापेक्षा मोठं असावं, दांडा पक्का असावा आणि ठोकळ्याची कड फुलून बाहेर आली असेल तर तो पाना बाजूला काढावा. अशाच कडांतून पोलादाच्या कपच्या सुटतात आणि डोळ्यात जातात. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३५ खास डोळ्यांच्या संरक्षणासाठी घातलं गेलं, त्यात अशा उडणाऱ्या कणांचा धोकाही धरला होता. गॉगल घण मारणाऱ्यालाच नव्हे, आसपासच्या प्रत्येकाला हवा. आणि लाइन बंद करून, प्रेशर उतरवून, रिकामी केल्याची खात्री झाल्यावरही आधी आपल्यापासून दूरच्या बाजूचे नट सैल करावेत, पण पूर्ण काढू नयेत. आत काही अडकून राहिलं असेल तर ते मग पलीकडे निघतं, अंगावर येत नाही.

गैरसमज : पितळी पाना वापरला की ठिणगीची भीती संपली.

ज्याला सरसकट पितळी म्हणतात तो पाना सहसा ॲल्युमिनियम ब्रॉन्झचा किंवा बेरिलियम कॉपरचा असतो. त्यातून ठिणगीचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. शिवाय घण पोलादी असेल तर अर्धी काळजी तिथेच वाया जाते. हे धातू मऊ असल्याने पान्याचं तोंड लवकर झिजतं, म्हणून मापाची तपासणी जास्त वेळा करावी लागते. ॲसिटिलीनच्या जागी तांब्याचं प्रमाण जास्त असलेली हत्यारं चालत नाहीत, कारण तिथे स्फोटक संयुग तयार होऊ शकतं. बेरिलियमची धूळ फुफ्फुसांना घातक आणि कर्करोगकारक असल्याने अशा पान्याला ग्राइंडर लावू नये. वायूची मोजणी आणि वर्क परमिट यांची जागा कोणताही पाना घेऊ शकत नाही.

गैरसमज : आवाज बदलला, घण उसळला, म्हणजे नट पुरेसा आवळला गेला.

सगळ्यांत खोलवर रुजलेला आणि सगळ्यांत धोकादायक समज हाच आहे. नट आवळणं म्हणजे बोल्ट ताणणं. ताणलेला बोल्ट स्प्रिंगसारखा दोन्ही भागांना दाबून ठेवतो आणि जोड त्या दाबावर टिकतो. पण नटावर लावलेल्या टॉर्कमधलं, म्हणजे फिरवण्याच्या जोरातलं, साधारण ५० टक्के नटाखालच्या घर्षणात जातं, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातं आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतं. म्हणजे नट जड जाणं हे मुख्यतः घर्षणाचं लक्षण आहे. कोरड्या, गंजट आट्यांचा नट कडक लागतो आणि बोल्ट मात्र ढिलाच राहतो. ग्रीस लावलेला नट सहज फिरतो आणि बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. ८.८ दर्जाच्या एम ३६ बोल्टला कोरड्या आट्यांवर सुमारे २,६०० न्यूटन-मीटर टॉर्क लागत असेल, तर चांगलं वंगण असताना तोच ताण सुमारे २,००० मध्ये येतो. हा फरक कानाला कळत नाही. दोन माणसांचे घावही सारखे नसतात : वेग एक तृतीयांशाने वाढला की ऊर्जा पावणेदोन पट होते. एकाच फ्लँजवर असे कमीजास्त ताणलेले बोल्ट राहिले की गॅस्केट एका बाजूने चिरडतं आणि दुसऱ्या बाजूने गळतं.

मोठ्या बोल्टकडे दुर्लक्ष झालं तर काय होऊ शकतं, हे रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्राने दाखवून दिलं. १७ ऑगस्ट २००९ रोजी तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाइनचं झाकण उडालं आणि ७५ जणांचा जीव गेला. ते झाकण एम ८० च्या ८० स्टडनी धरलेलं होतं. तपासलेल्या ४९ स्टडपैकी ४१ मध्ये थकव्याच्या चिरा होत्या आणि ६ स्टडवर नटच नव्हते. कंपनांनी खिळखिळे झालेले हे स्टड वेळेवर तपासले गेले नव्हते. त्यांच्या प्रकृतीचा अंदाज ठोक्याच्या आवाजावरून कुणालाही आला नसता.

यावर आक्षेप येतो की हायड्रॉलिक टॉर्क रेंच महाग असतो, सगळीकडे बसत नाही आणि वर्षानुवर्षं घणाने आवळलेले जोड टिकलेले आहेत. टिकलेले आहेत हे खरं. पण त्यांतले अनेक हलक्या दाबाचे किंवा पुरेशी ताकद शिल्लक ठेवून आखलेले असतात. वाफ, ज्वलनशील द्रव आणि फिरती यंत्रं यांना ती सवलत नसते. शिवाय मोजण्याचा प्रत्येक मार्ग महाग नाही. वर सांगितलेल्या एम ३६ बोल्टचा ३०० मिमी भाग जोडात असेल, तर पुरेसा ताण बसल्यावर तो सुमारे ०.६५ मिमी लांबतो. दोन्ही टोकं मोकळी असतील तर ही वाढ साध्या मायक्रोमीटरने मोजता येते. समोरासमोरचे नट आलटून पालटून, तीन टप्प्यांत, म्हणजे आधी ३० टक्के, मग ७० आणि शेवटी १०० टक्के आवळणं, आणि नंतर गोल फिरून सगळे पुन्हा तपासणं, याला तर काहीच खर्च नाही.

म्हणून घणाचा पाना नट सोडवण्यासाठी आणि जोड जवळ आणण्यासाठी वापरा. शेवटचा ताण मोजूनच द्या. पुढच्या शटडाऊनच्या यादीत घणाच्या शेजारी व्हर्नियर, दोरी, गॉगल आणि टॉर्क रेंच किंवा मायक्रोमीटर लिहिलेलं असेल, तरच कामाची तयारी पूर्ण झाली असं समजा.