गालाला चिकटलं, पण औषध सुटलं का?

तोंड आलं की आपण मलम आणतो, बोटाने लावतो आणि थोड्याच वेळात ते लाळेबरोबर पोटात जातं. तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि जीभ तर क्षणभर स्वस्थ बसत नाही. त्यामुळे तोंडासाठीच्या मलमात ओल्या जागी धरून राहणारा पदार्थ लागतो: कार्बोपॉल, सोडियम सीएमसी किंवा कायटोसन.

यातल्या कायटोसनचा कच्चा माल रत्नागिरीकरांना नवा नाही. मिरकरवाड्याला उतरणारी कोळंबी सोलली की उरणाऱ्या टरफलांत कायटिन असतं. सौम्य आम्लाने टरफलांतला चुना काढायचा, सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिनं काढायची आणि मग तीव्र कॉस्टिकमध्ये तापवायचं, की कायटोसन मिळतं. त्याच्यावर धन विद्युतभार असतो आणि तोंडातल्या बुळबुळीत थरावर ऋण, म्हणून दोघं एकमेकांना धरतात. मात्र हा भार आम्लात चांगला टिकतो. लाळेचा सामू ६.८ च्या आसपास, तिथे तो बराच उतरतो. म्हणून एकट्या कायटोसनवर सहसा भिस्त ठेवत नाहीत, जोडीला दुसरा पदार्थ घालतात.

आता चाचणी. खाटकाकडून बोकडाच्या गालाचं ताजं अस्तर आणतात. डुकराचं अस्तर माणसाच्या जास्त जवळचं, पण आपल्याकडे बोकडाचं सहज मिळतं. तराजूचं एक पारडं काढून तिथे काच टांगायची. अस्तराचा एक तुकडा त्या काचेला, दुसरा खालच्या ठोकळ्यावर, मध्ये मलम. थोडा वेळ दाबून ठेवायचं आणि मग दुसऱ्या पारड्यात थेंब थेंब पाणी सोडत राहायचं. तुकडे सुटतात तेव्हा पाण्याचं जे वजन भरतं, ती चिकटण्याची ताकद. उपकरण दिसायला जुगाडच, पण काम चोख करतं.

नुसत्या काचेवर घेतलेल्या मापावर मात्र फार विसंबू नये. कोरड्या काचेला काहीही चिकटतं. ३७ अंश तापमानात, लाळेसारखं द्रावण वरून वाहतं ठेवून मलम किती तास टिकतं, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

चिकटण्याइतकंच औषध सुटणंही महत्त्वाचं. त्यासाठी फ्रांझ सेल नावाचं काचेचं दोन कप्प्यांचं भांडं वापरतात: वर मलम, मध्ये अस्तर, खाली सतत ढवळलं जाणारं द्रावण. ठरावीक वेळाने खालचा नमुना काढून किती औषध उतरलं ते मोजतात. बऱ्याचदा असं दिसतं, की चिकट पदार्थ वाढवला की मलम घट्ट होतं आणि औषध आतच अडकून बसतं. या दोन्हींचा मेळ घालणं हीच खरी कारागिरी. औषध रक्तात पोचवायचं असेल, तर गालाच्या अस्तराच्या वाटेचा मोठा फायदा असा, की ते यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातं. व्रणावरच्या मलमाला याची गरज नसते, तिथे ते जागेवर राहिलं की पुरे.

बाजारात मिळणारी ट्रायमसिनोलोनची ०.१ टक्क्याची तोंडातली पेस्ट याच तत्त्वावर चालते. डॉक्टरांनी ती दिली, तर चोळू नका. चोळली की ती रवाळ होऊन तुटते. जागा टिपून घ्या, चिमूटभर पेस्ट हलकेच दाबा, रात्री झोपताना लावा आणि त्यावर काही खाऊ-पिऊ नका. दोन आठवड्यांत व्रण भरला नाही, किंवा सुपारी-गुटख्याची सवय असून तोंड पूर्ण उघडेनासं झालं, तर मलमावर वेळ न घालवता दंतवैद्याकडे जा.