चोर सापडल्यानंतर

वाचक-मंडळासाठी रहस्यकादंबरी निवडताना एक अडचण हमखास उभी राहते. गुन्हेगार कळला की चर्चेला उरते काय? म्हणून कसोटी एकच असावी: चोर सापडल्यानंतरही ज्या पुस्तकाविषयी वाद घालावासा वाटेल, तेच निवडावे.

विल्की कॉलिन्स यांची १८६८ सालची 'द मूनस्टोन' या कसोटीला उतरते. यॉर्कशायरमधील एका वाड्यातून हिरा नाहीसा होतो. वृद्ध कारभारी, धर्मवेडी बाई, वकील असे अनेकजण ती हकिकत आळीपाळीने सांगतात आणि प्रत्येकाचे सत्य निराळे असते. सार्जंट कफसारखा निष्णात गुप्तहेरही भलत्याच व्यक्तीवर संशय घेतो.

परंतु खरा प्रश्न याहून मोठा आहे. कथेतील हा हिरा एकेकाळी देवमूर्तीच्या कपाळी होता. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हा एका इंग्रज अधिकाऱ्याने तो लुटला. मग वाड्यातून नेणारा तेवढा चोर, आणि श्रीरंगपट्टणाहून आणणारा कोण? १८५७ च्या उठावाला उणीपुरी अकरा वर्षे लोटली असताना एका इंग्रज लेखकाने हा प्रश्न आपल्या वाचकांपुढे ठेवला. गुप्तहेराचा तपास शेवटच्या पानाबरोबर संपतो. हा तपास मात्र वाचकांनीच करावयाचा आहे.