छपाईसाठी आलेख

म्हैसूर येथे १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. साठवलेले फळ किती दिवस टिकते, अशा प्रश्नांची उत्तरे देताना तेथील संशोधकांनाही आलेखांचा आधार घ्यावा लागतो.

संगणकाच्या पडद्यावर सुबक दिसणारा आलेख कागदावर मात्र फसवा ठरू शकतो. लाल व हिरवी रेषा काळ्या-पांढऱ्या छपाईत सारखीच करडी दिसते. मग शीतगृहातील फळांची रेषा कोणती आणि उघड्यावरील फळांची कोणती, हे वाचकाला कळत नाही. म्हणून एक रेषा सलग व दुसरी तुटक काढावी.

पडद्यावरील लहान चित्र मोठे करून छापल्यास अक्षरे पुसट होतात. चांगल्या छपाईला सामान्यतः दर इंचास ३०० बिंदू लागतात. म्हणजे ८ सेंटिमीटर रुंदीसाठी सुमारे ९४५ बिंदू. ग्नूप्लॉटसारख्या सॉफ्टवेअरमधून आलेख पीडीएफ स्वरूपात साठवल्यास रेषा बिंदूंऐवजी गणिती वर्णनाने नोंदल्या जातात. त्या कितीही मोठ्या केल्या तरी रेखीव राहतात. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटल्यास देवनागरी अक्षरे असलेला फॉन्ट निवडावा.

शेवटी आलेख प्रत्यक्ष आकारात छापून पाहावा. मोजमाप अचूक असूनही आलेख वाचता आला नाही, तर संशोधकाचे श्रम वाया जातात.