पालेभाजी कच्ची खावी की शिजवून?

वर्षावासात विहारातील ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन संपल्यावर एका मावशींनी विचारले, “दादा, सुनेचं रक्त कमी झालंय. कुणी म्हणतं रोज कच्च्या पालकाचा रस द्या, कुणी म्हणतं पावसाळ्यात पालेभाजीला हातच लावू नका. खरं काय धरायचं?”

हा प्रश्न एका घरचा नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा ऐकीव गोष्टी बाजूला ठेवून विचार करू या.

मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा पाला यांचा घोळाणा आपल्याकडे भाकरीबरोबर खातात. तो गुणकारीच. कच्च्या पाल्यातील क जीवनसत्त्व आणि रक्तवाढीला लागणारे फोलेट शाबूत राहते. शिजवताना त्यातील काही उष्णतेने नष्ट होते, काही पाण्यात उतरते. भाजी उकडून पाणी ओतून देणे म्हणजे विकत घेतलेले सत्त्व मोरीत सोडणे.

परंतु शहरात गटाराच्या पाण्यावरही पालेभाजी पिकते. त्यातून टायफॉईड, आमांश व जंत होतात. पट्टकृमीची अंडी पोटात गेल्यास त्याच्या अळ्या मेंदूत जाऊन फिट येऊ शकते. धुण्याने धोका कमी होतो, पुरता जात नाही. भाजी नीट शिजली की हे जंतू मरतात. म्हणून भाजी कुठून आली हे ठाऊक नसेल तेव्हा, आणि पावसाळ्यात तर विशेषकरून, ती शिजवूनच खावी. गरोदर स्त्री व लहान मुले यांच्याबाबत हा नियम बाराही महिने पाळावा.

भाजी चिरण्याआधी तीन-चार पाण्यांतून धुवावी. थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, चमचाभर तेलात शिजवावी. तेलामुळे अ जीवनसत्त्व अंगी लागते. वरून लिंबू पिळावे, म्हणजे लोह चांगले शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तो लोह अडवतो.

पालकात ऑक्झलेट बरेच असते. मुतखड्याच्या रुग्णाने पालकाचा रस टाळावा. क्वचित भाजी खायची झाल्यास ती उकडून पाणी टाकून द्यावे. अळू कच्चे कधीच खाऊ नये, घसा खाजतो. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी चालू असल्यास पालेभाजीचे प्रमाण एकदम वाढवू वा घटवू नये.

मावशींना सांगितले, रस नको. सुनेचे रक्त तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. भाजी ही गोळीची सोबतीण आहे, गोळीच्या जागी नाही.

आणखी एक गोष्ट. अनेक घरांत सून शेवटी जेवते, तेव्हा कढईत रस्साच उरलेला असतो. बंधूंनो, स्वस्तातली तांदुळजाची जुडी आणा, घोळ आणा, पण जिला रक्ताची गरज आहे तिच्या ताटात आधी वाढा. समतेची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातूनही होते.

जय भीम!