सामायिक मॅक्रो-संचाची जपणूक

एखाद्या संशोधनविभागात अनेक अभ्यासक एकाच प्रकारची आकडेमोड करीत असतील, तर तिचे नियम प्रत्येकाच्या फाइलीत निरनिराळे न ठेवता एका सामायिक ‘अ‍ॅड-इन’मध्ये एकत्र करणे सोयीचे असते. एक्सेलमध्ये व्हिज्युअल बेसिक भाषेत मॅक्रो लिहिण्याची सोय १९९३ मध्ये आली. २००७ च्या आवृत्तीपासून अशा अ‍ॅड-इनसाठी ‘एक्सएलएएम’ हा फाइलप्रकार रूढ झाला. सोय मोठी खरी. तथापि तिच्यामुळे एक गोष्ट दृष्टीआड होते. आकडे वर्कबुकात राहतात, आणि ते ज्या नियमाने निघाले तो नियम मात्र दुसऱ्याच फाइलीत असतो. अर्थात, वर्कबुक जपले म्हणजे गणित जपले, असे होत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. २, ४, ४, ४, ५, ५, ७ आणि ९ या आठ संख्यांचे मध्यमान ५ असून विचलनांच्या वर्गांची बेरीज ३२ येते. तिला ८ ने भागून वर्गमूळ घेतल्यास प्रमाण विचलन २ येते. ७ ने भागल्यास ते सुमारे २.१४ होते. दोन्ही रीती आपापल्या ठिकाणी योग्यच आहेत. परंतु अ‍ॅड-इनमधील फलनात कोणी हा भाजक बदलला, तर जुन्या वर्कबुकातील उत्तरे लगेच बदलतील असे नाही. एक्सेल सामान्यतः ज्या सेलला पुरविलेली मूल्ये बदलली, त्याचीच फेरगणना करते. फलनाचा अंतर्गत मजकूर बदलल्याची दखल ते आपणहून घेत नाही. परिणामी एकाच तक्त्यात काही आकडे जुन्या नियमाचे व काही नव्या नियमाचे राहू शकतात. अ‍ॅड-इन नाहीसे झाले, तर फेरगणनेच्या वेळी निदान दोषसंकेत तरी उमटतो. मुकाट्याने बदललेले अ‍ॅड-इन त्याहून घातक होय.

यास्तव काही नियम पाळणे इष्ट ठरते. सामायिक फोल्डरातील प्रत ‘केवळ वाचनासाठी’ असावी, आणि बदल करण्याचा अधिकार एकाकडेच असावा. अ‍ॅड-इन जोडताना ते स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावे काय, असे एक्सेल विचारते. तेथे नकार द्यावा, अन्यथा पुढील सुधारणा त्या संगणकापर्यंत पोहोचत नाहीत. प्रत्येक आवृत्तीस क्रमांक द्यावा, तो सांगणारे एक छोटे फलन अ‍ॅड-इनमध्येच ठेवावे, आणि बदलानंतर संबंधित वर्कबुकांची संपूर्ण फेरगणना करावी.

जुनी आवृत्ती पुसून नवी ठेवू नये. प्रत्येक आवृत्ती दिनांकासह निराळ्या ठिकाणी जतन करावी. शिवाय मॅक्रोंचा मजकूर साध्या मजकूर-फाइलींत काढून ठेवावा. त्यायोगे दोन आवृत्त्या ओळीगणिक ताडून पाहता येतात. मात्र अ‍ॅड-इनमधील कोष्टके त्या फाइलींत उतरत नाहीत. म्हणून मूळ फाइलही सोबत हवीच. अधूनमधून राखीव प्रत प्रत्यक्ष उघडून, वरील आठ संख्यांसारख्या ज्ञात उत्तराच्या उदाहरणावर ती पडताळावी.

प्रसिद्ध केलेल्या आकड्याविषयी ‘तो कसा काढला?’ असा प्रश्न अनेक वर्षांनीही येऊ शकतो. निबंधात आवृत्तीचा क्रमांक नोंदलेला असेल आणि ती आवृत्ती जपलेली असेल, तरच त्याचे उत्तर पुराव्यानिशी देता येईल.