साप विकत घेण्याआधी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "मुलगा बॉल पायथन घ्यायचा म्हणतोय. कायद्यात बसत असेल तर हरकत काय?" आज आपण तोच प्रश्न घेऊ.

आधी कायद्याचं बघू. नाग, अजगर, धामण, मांडूळ हे आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ते पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. बॉल पायथन मात्र पश्चिम आफ्रिकेतला. २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्याची परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. समजा, कागदपत्रं चोख आहेत. मग प्रश्न मिटला का? नाही. कायदा 'चालेल का' एवढंच सांगतो. 'करावं का' हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

मग पहिला प्रश्न असा, की हे पिल्लू आलं कुठून? घाना, टोगो, बेनिन या देशांत रानातून अंडी आणि गाभण माद्या गोळा करतात आणि त्यांची पिल्लं परदेशी पाठवतात. म्हणजे 'फार्ममधलं पिल्लू' म्हटलं, तरी त्याची आई रानातून उचललेली असू शकते. विक्रेत्याला हे विचारायला हवं, आणि नीट उत्तर मिळालं नाही तर तिथेच थांबायला हवं.

दुसरा प्रश्न रूपाचा. या सापांत हौसेखातर नाना रंग-नक्ष्यांची पैदास केली जाते. त्यातल्या 'स्पायडर' नावाच्या प्रकारात नक्षी सुंदर असते, पण तिच्याबरोबरच मज्जासंस्थेचा दोष येतो. मान डोलते, तोल जातो, भक्ष्यावरचा नेम चुकतो. आपल्या डोळ्यांच्या सुखाची किंमत इथे दुसराच जीव मोजतो.

तिसरा प्रश्न अन्नाचा. मोठ्या सापाला दर दोन आठवड्यांनी एक उंदीर धरला, तर वर्षाला २६ आणि वीस वर्षांत ५२० उंदीर होतात. साप मांस खातो यात त्याचा दोष नाही. पण ते उंदीर कसे वाढवले, कसे मारले, हा भाग आपल्या हिशेबात येतो. शाकाहारी घरात तर हे आधीच बोललेलं बरं.

आणि हा साप वीस-तीस वर्षं जगतो. मुलगा उद्या शिकायला बाहेरगावी गेला तर सापाचं कोण बघणार? रानात सोडून देणं हा पर्याय नाही. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाळलेले बर्मी अजगर सुटले, सोडले गेले, आणि तिथल्या सस्तन प्राण्यांवर संकट आलं.

कुणी म्हणेल, कुत्रासुद्धा आपण विकतच आणतो की! बरोबर आहे. पण कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या संगतीत घडलाय. दुखलं तर विव्हळतो, रुसतो, दाराशी जाऊन बसतो. साप यातलं काही करत नाही. बॉल पायथन घाबरला की अंगाचं वेटोळं करून डोकं आत लपवतो. त्या चेंडूसारख्या आकारावरूनच त्याला हे नाव पडलं. हातात घेतल्यावर मुलाला वाटतं, किती शांत आहे! प्रत्यक्षात ती भीती असू शकते.

आपल्या विषयाचं मर्म इथे आहे. बेंथमने १७८९ मध्ये म्हटलं, की प्राण्यांच्या बाबतीत त्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का, हे प्रश्न महत्त्वाचे नाहीत. त्यांना वेदना होतात का, हा आहे. आपण त्यात एवढीच भर घालू: ज्याची वेदना आपल्याला ओळखता येत नाही, त्याच्या बाबतीत आपली जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. तक्रार नाही म्हणजे संमती आहे, असं माणसांच्या बाबतीतही आपण मानत नाही ना?

तेव्हा त्या मुलाला एकच प्रश्न विचारावा: "या व्यवहारात तुला काय मिळणार ते कळलं. सापाला काय मिळणार?" ज्या सापाला दुसरा कुणी सांभाळायला नाही, त्याची नीट निगा राखणाऱ्याकडे या प्रश्नाचं उत्तर असेल. दुकानातून नवा साप आणणाऱ्याकडे ते आम्हाला तरी दिसत नाही. पण मुलाला नुसतं 'नाही' म्हणू नका. त्याला उत्तर शोधू द्या. पैसे देण्याआधी शोधू द्या, कारण नंतर त्याची चूक सापाला वीस वर्षं भोगावी लागेल.